सातबाऱ्यावर नवं नाव लागलं: शेतीचं अनुदान खात्यात येईपर्यंतची वाट

आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात ई-सेवा केंद्रासमोर जी रांग लागते, तिच्यात हल्ली एक वेगळा माणूस दिसतो. पुण्या-मुंबईला नोकरी, गावी तीन-चार एकर, वडील नुकतेच गेलेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद. "शेतकऱ्यांना सरकार पैसे देतं" एवढंच त्याला ठाऊक असतं. कोणते पैसे, कोणाला, कशाच्या आधारावर, हे विचारायला तो आलेला असतो. काही वर्षांपूर्वी मीही तसाच उभा होतो. तेव्हापासून स्वतःचं आणि भावकीतल्या बऱ्याच जणांचं काम करताना जे कळलं, ते इथे क्रमाने लिहितोय.

क्रमाने म्हणतोय ते मुद्दाम. आमच्या भागात ज्यांचे पैसे अडलेले मी पाहिले, त्यातले बहुतेक जण पात्रच होते. अडलं होतं ते नावापाशी. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. ते सरळ न करता अर्ज भरत गेलं की प्रत्येक अर्ज त्याच जागी अडतो.

कोणता पैसा मागताय, ते आधी ठरवा

गावात सगळ्यालाच "अनुदान" म्हणतात, पण हे तीन वेगळे प्रकार आहेत आणि तिघांची दारंही वेगळी.

पहिला सन्मान निधी. केंद्राच्या पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. त्याला जोडून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,०००. हे पैसे मिळायला काही विकत घ्यावं लागत नाही, पीकही दाखवावं लागत नाही. जमीन नावावर असणं आणि अटींत बसणं एवढंच लागतं.

दुसरा प्रकार खरेदीवरच्या किंवा कामावरच्या अनुदानाचा: ठिबक, तुषार, ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, फळबाग. याचा दरवाजा महाडीबीटी, म्हणजे राज्याचं ऑनलाइन अर्जाचं पोर्टल. इथे आधी तुमच्या खिशातले पैसे जातात, मग काही भाग परत येतो.

तिसरा नुकसानीचा. अतिवृष्टी, गारपीट झाली की पंचनाम्यावरून मिळणारी मदत आणि पीक विमा. हे दोनही एक नव्हेत. पंचनाम्याची मदत महसूल खात्याकडून येते, विम्याची कंपनीकडून. एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही.

वारस नोंद

वडिलांच्या नावाच्या सातबाऱ्यावर तुम्हाला काहीही मिळणार नाही. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र आणि आधारच्या प्रती घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण आमच्याकडे अजून सगळे "तात्या"च म्हणतात. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइन अर्जही करता येतो. नोंद आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६क ला जाते, मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, धरला जातो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. तेव्हा कुठे सातबाऱ्यावर नाव चढतं. राज्याने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम घेतली ती याचसाठी, कारण मयत खातेदारांच्या नावाचे सातबारे गावोगाव तसेच पडून होते.

बहिणींची नावं गाळू नका. "तिला कशाला त्रास" म्हणून प्रतिज्ञापत्रात नाव सोडायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. कायद्याने ती वारस आहे, आणि एक हरकत आली की सगळं प्रकरण मागे पडतं. तिला हक्क सोडायचाच असेल तर ते तिने आपल्या मनाने ठरवावं आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. आमच्या सातबाऱ्यावर आई, मी आणि बहीण अशी तिघांची नावं आहेत. त्याने आमचं काहीही अडलेलं नाही. ठिबकाच्या अर्जाला तिने संमतीपत्र दिलं, बस.

नाव लागलं की महाभूमी या राज्याच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि ८अ, म्हणजे तुमच्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढा. एका प्रतीला १५ रुपये पडतात. घरी बसून निवांत वाचा. नावातलं अक्षर न् अक्षर, गट नंबर, क्षेत्र. क्षेत्र "१.४०.००" असं दिसेल, म्हणजे एक हेक्टर ४० आर, साडेतीन एकर. एक हेक्टरपर्यंत अत्यल्प भूधारक, दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक. पुढे अनुदानाची टक्केवारी यावरच ठरते.

सगळीकडे एकच नाव

आमच्या घरचंच सांगतो. सातबाऱ्यावर आईच्या नावाला "बाई" लागलेलं, आधारवर ते नाही, आणि बँकेतलं खातं लग्नानंतर कधीतरी उघडलेलं, त्यावर मधलं नाव तिच्या वडिलांचं. माणूस एकच, पण संगणकाच्या लेखी तीन बायका. आधी आधार दुरुस्त करून घेतलं, मग बँकेत केवायसी नव्याने दिली. सातबाऱ्यावर लिहिण्यात चूक झाली असेल तर महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. हे काम वेळ खातं, म्हणून अर्जाच्या हंगामात नव्हे, आधीच करून ठेवा.

मग शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे आपण ज्याला फार्मर आयडी म्हणतो तो. अ‍ॅग्रिस्टॅक योजनेतला हा ११ आकडी क्रमांक. राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला आहे. सीएससीत, म्हणजे ई-सेवा केंद्रात, आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि ८अ घेऊन जा. नोंदणी करताना आपले सगळे गट, दुसऱ्या गावात असले तरी, जोडून घ्या. आमच्या एका चुलत्याने घराजवळचा गट जोडला आणि नदीकाठचा राहिला. पुढे त्या गटासाठी अर्ज भरायला बसला तर तो गट पडद्यावर दिसेचना. नंतर जमीन वाढली, वाटणी झाली, तर नोंद अद्ययावत करावी लागते, ती आपोआप होत नाही.

बँक: "आधार लिंक आहे" या वाक्यावर विसंबू नका

नव्या माणसाला हा मुद्दा कोणी समजावून सांगत नाही, आणि सगळ्यात जास्त हप्ते मी इथेच अडलेले पाहिले, म्हणून थोडं थांबून सांगतो.

खात्याला आधार क्रमांक नोंदवलेला असणं वेगळं आणि ते खातं थेट लाभासाठी (डीबीटीसाठी) एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या, यादीत असणं वेगळं. सरकार आधार-आधारित पैसे सोडतं तेव्हा खाते क्रमांक बघत नाही. आधार क्रमांकासमोर एनपीसीआयकडे ज्या बँकेची नोंद आहे, तिकडे पैसे जातात. एका आधारला अशी एकच बँक असते, आणि ती म्हणजे ज्या बँकेत तुम्ही सगळ्यात शेवटी थेट लाभाची संमती दिली ती. पुण्यात पगाराचं खातं उघडताना एखाद्या फॉर्मवर सही केली असेल, तर अनुदान तिकडे जाऊ शकतं. तुम्ही मात्र गावच्या पासबुकात बघत बसता.

तपासायचं कसं? आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' आहे. नाहीतर साध्या मोबाइलवरून *९९*९९*१# लावा. बँकेचं नाव आणि स्थिती चालू आहे की बंद, ते कळतं. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे" असंच, याच शब्दांत सांगा आणि संमतीचा फॉर्म भरून पोच घ्या. नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर काउंटरवरून "आहे की लिंक" एवढंच उत्तर येतं. आम्ही दोन वेळा तेच ऐकून परत आलो होतो. कुठेच जमलं नाही तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खातं काढा. पोस्टमनकडून ते आधारवर उघडता येतं, आणि आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना तेच सोयीचं पडलं. खात्यावर वर्षानुवर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं. शे-दोनशे रुपये भरून, केवायसी देऊन ते आधी जागं करा.

सन्मान निधी

पीएम किसानला जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असण्याची अट आहे. त्यानंतर विकत घेतलेल्या जमिनीवर नवी नोंदणी होत नाही, मात्र वारसाने आलेली जमीन चालते. म्हणून तुमच्या अर्जात फेरफाराचं कारण आणि तारीख महत्त्वाची.

कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. त्यांच्यात एकालाच लाभ. सज्ञान मुलगा आणि त्याची आई ही वेगळी कुटुंबं धरली जातात. गेल्या वर्षी आयकर भरला असेल तर लाभ नाही. महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर नाही. सरकारी नोकरी असेल तर नाही. या अटीतून चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना तेवढी सूट आहे. नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए यांनाही नाही. मी नोकरीत असताना आयकर भरत होतो, म्हणून मी अर्ज केलाच नाही, आईचा केला. "भर रे, कोण बघतंय" असं सांगणारे खूप भेटतात. पण पॅन आधारला जोडलेलं असतं, आणि अपात्र ठरलेल्या माणसांकडून घेतलेले हप्ते परत भरून घेतले जातात. वडिलांच्या पश्चात त्यांच्या खात्यावर हप्ते येत राहिले असतील तर तेही कळवा आणि परत करा. पोर्टलवर त्याची सोय आहे.

अर्ज मंजूर झाल्यावर ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. आईला केंद्रावर घेऊन गेलो तो दिवस विसरत नाही. चाळीस वर्षं खुरपं धरलेला अंगठा, त्यावरच्या रेषाच झिजून गेलेल्या. मशीनवर ठेवला की लाल दिवा. "मावशी, हात पुसून घ्या. जरा दाबून धरा." तिने पदराला अंगठा पुसला, पुन्हा लाल. दहाही बोटं झाली. शेवटी ती त्या मुलाला म्हणाली, "आरं बाबा, काम करून गेल्या त्या रेघा, आता कुठनं आणू?" तेव्हा आम्ही रिकाम्या हाताने परतलो. नंतर, २०२३ च्या जूनमध्ये, पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करायची सोय आली. गोठ्यासमोर सकाळच्या उन्हात आईला उभं केलं, मोबाइल धरला, तिने सांगितल्यावर डोळे मिचकावले आणि काम झालं. तुमच्या घरी असं झिजल्या हाताचं माणूस असेल तर त्याला केंद्रावर हेलपाटे घालायला लावू नका. उजेडात हे अ‍ॅप वापरा.

हे अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर "पीएम किसान" नावाची एपीके फाइल येते, ती उघडली की मोबाइलमधून बँकेचं खातं रिकामं होतं.

नमोसाठी वेगळा अर्ज नाही. पीएम किसानची यादी तीच त्याची यादी.

महाडीबीटी: आधी पूर्वसंमती, मग खरेदी

पोर्टलवर शेतकरी ओळख क्रमांकाने आत जा, माहिती पूर्ण करा आणि हव्या त्या बाबी निवडा. एकाच अर्जात अनेक बाबी टाकता येतात, शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी संगणकीय सोडत निघायची. २०२५ पासून जो आधी अर्ज करेल त्याला आधी, अशी पद्धत आली, त्यामुळे आता अर्ज लवकर टाकण्याला अर्थ आहे. मात्र महिलांचं, अनुसूचित जाती-जमातींचं आणि अल्पभूधारकांचं प्राधान्य वेगळं आहे, म्हणून जातीचा दाखला वगैरे आधीच तयार ठेवा.

ठिबकाचं गणित नीट समजून घ्या. केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के. त्यावर राज्याची मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजना २५ आणि ३० टक्के घालते. म्हणजे एकूण ८० आणि ७५, पाच हेक्टरच्या मर्यादेपर्यंत. पण हे टक्के तुमच्या बिलावर नसतात. दोन ओळींतलं अंतर आणि क्षेत्र धरून सरकारने ठरवलेल्या खर्चावर असतात. समजा मंजूर खर्च एक लाख निघाला आणि दुकानदाराचं बिल सव्वा लाख झालं, तर अल्पभूधारकाला ८० हजार मिळतील आणि ४५ हजार त्याचे स्वतःचे जातील. "ऐंशी टक्के मिळतात" म्हणून कर्ज काढणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. आणि त्याच गटावर वडिलांनी आधी ठिबक घेतलं असेल तर सात वर्षं उलटल्याशिवाय पुन्हा मिळत नाही, हेही बघा.

निवड झाल्याचा मेसेज आला की ठरलेल्या मुदतीत कागद अपलोड करायचे: कोटेशन, यंत्र असेल तर त्याचा तपासणी अहवाल, सामाईक खातं असेल तर संमतीपत्र. छाननी होऊन पूर्वसंमती पत्र येतं. त्या पत्राच्या तारखेआधीचं बिल चालत नाही. मी इथेच पोळलो. केळीची लागण तोंडावर आली होती, निवडीचा मेसेज आला होता आणि दुकानदार म्हणाला, "घेऊन जा हो, पत्र येतंय चार दिवसांत." मी नळ्या अंथरून मोकळा झालो. पत्र आलं तीन आठवड्यांनी, बिलाची तारीख आधीची, अर्ज बाद. चूक माझीच होती. निवड आणि पूर्वसंमती हे एकच, असं मी धरून चाललो होतो.

खरेदीचे पैसे स्वतःच्या खात्यातून, ऑनलाइन किंवा चेकने द्या, रोख नको. बिल जीएसटीचं, तुमच्याच नावाचं, अर्जातल्या स्पेलिंगचं. पत्रावर दिलेल्या मुदतीत काम संपवून बिल चढवा. मग सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) रानात येऊन मोका तपासणी करतात, फोटो काढतात. त्या दिवशी स्वतः हजर राहा, पंप चालू करून दाखवा. अनुदान यानंतरच, आणि तेही निधी उपलब्ध झाल्यावर. ते दोन महिन्यांत येईल असं धरून घरात कुठलाही खर्च ठरवू नका.

फळबागेला भाऊसाहेब फुंडकर योजनेतून अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, आणि पुढचे हप्ते झाडं जगलेली दिसली तरच. पाण्याची सोय नसेल तर नुसत्या अनुदानासाठी खड्डे काढू नका.

ई-पीक पाहणी आणि नुकसान

हे मोबाइलवरचं काम दर हंगामात करायचं असतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः पीक नोंदवायची ही पद्धत आली. रानात उभं राहून फोटो काढावा लागतो. पारावर बसून काढायला गेलात तर गटापासून लांब असल्याचं अ‍ॅप सांगतं. नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते. पीक विमा, नुकसानीची मदत, हमीभावाची खरेदी, सगळीकडे ही नोंद बघतात. विम्यात उडीद आणि पाहणीत तूर, असं झालं की दावा गेलाच. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत स्वतः भरायचे.

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्याकडच्या सीना नदीला पूर आला तेव्हा ज्यांची पाहणी झालेली होती, त्यांना आपलं पीक काय होतं ते पटवून द्यावं लागलं नाही. पंचनाम्यात ३३ टक्के किंवा जास्त नुकसान धरलं गेलं तर आपत्ती निधीच्या निकषाने जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळतात, मर्यादा दोन हेक्टर. त्या वर्षी राज्याने ती तीनपर्यंत वाढवली होती. पंचनाम्याच्या वेळी बांधावर थांबा, आपलेही फोटो काढून ठेवा. यादी चावडीवर लागली की नाव, क्षेत्र आणि खातं तपासा.

पैसे आले नाहीत तर

पहिल्यांदा पीएम किसानवर आपली स्थिती बघा. तिथे जमीन, ई-केवायसी आणि आधार सीडिंग यांसमोर हो किंवा नाही दिसतं. जमिनीपुढे "नाही" असेल तर तलाठी किंवा तहसील कार्यालय. आधारपुढे "नाही" असेल तर बँक. ई-केवायसी राहिली असेल तर अ‍ॅप. सगळीकडे "हो" असूनही "एफटीओ (पैसे पाठवण्याचा आदेश) तयार, पुष्टी बाकी" असं दिसत असेल तर पैसे निघालेत, थोडं थांबा. त्याच पोर्टलवर गावनिहाय लाभार्थ्यांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. एकदा आपल्या गावची उघडून वाचा. गावात कोणाला मिळतं आणि कोणाचं राहिलंय हे कळतं, आणि शेजारच्या एकट्या म्हातारीचं नाव नसेल तर तेही दिसतं.

फोनवर विचारायचं तर पीएम किसानचा १५५२६१ आणि किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१. मराठीत बोला. कार्यालयात तोंडी काही सांगू नका, अर्ज दोन प्रतींत न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेऊन या. "मी साहेबांना सांगून करून देतो, निम्मे माझे" म्हणणारा माणूस प्रत्येक बाजारपेठेत आहे. त्याला आधारची झेरॉक्स आणि ओटीपी देऊ नका.

आईचे अडकलेले हप्ते ई-केवायसी झाल्यावर एकत्र जमा झाले. तिने मला पासबुक वाचून दाखवायला लावलं, दोनदा. मग विचारलं, "आता बहिणीचं कधी करायचं?" तिचा ओळख क्रमांक काढायला पुढच्या सोमवारी आम्ही जेऊरला निघालोय.